हरणीच्या इंजिनातलं एरंडेल

जुन्या मोटारीचा मालक इंजिनाबद्दल बोलायला लागला, की मला मुलाचं स्थळ घेऊन आलेला बाप आठवतो. "मुलगा घेतो का?" असं विचारलं, की "छे छे, अजिबात नाही, मित्रांनी फारच आग्रह केला तर सणासुदीला थोडीशी," हे जसं ठरलेलं उत्तर, तसंच "गाडी तेल खाते का?" या प्रश्नाला "थेंबभर नाही हो मॅडम" हे ठरलेलं उत्तर. मागे सायलेन्सरमधून निळा धूर निघत असतो, पत्र्यावरचे कावळे उडून जातात, आणि मालक छातीवर हात ठेवून म्हणतो, थेंबभर नाही. मी मान डोलावते आणि हातमोजे चढवते. माझं उभं आयुष्य या थेंबाच्या चौकशीत गेलं.

मी गायकवाड. जन्म दापोडीचा, रेल्वे लाइनीच्या अगदी अंगाला, त्यामुळे आवाजाची भीती कधी वाटली नाही. नोकरी पिंपरीच्या एका मोठ्या मोटार कारखान्यात, इंजिन टेस्टिंगला. नवीन इंजिन एका खोलीत जखडून ठेवायचं, न थांबता पळवायचं, आणि ते किती झिजलं, किती तेल प्यालं हे मोजायचं, हे आमचं काम. आत आवाज असा की आम्ही सगळे घरीसुद्धा ओरडूनच बोलायचो. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला वाटायचं, सून भांडखोर मिळाली. पुढे त्यांची खात्रीच पटली, पण तो निराळा विषय आहे.

रिटायर झाल्यावर रहाटणीच्या फ्लॅटमध्ये बसून कुंड्यांना पाणी घालायचं ठरवलं होतं. कुंड्या दोन, त्यातली एक तुळस. आठवड्यात जीव कंटाळला. तेवढ्यात कुरुळीच्या सलीमभाईंचा फोन आला. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याचं त्यांचं वर्कशॉप आहे. म्हणाले, "मॅडम, वरून गाडी मी नवरीसारखी सजवून देतो. पण पोटात काय दुखतंय ते मला कळत नाही. तुम्ही येऊन बघत जा." तेव्हापासून मी तिथे जाते. व्हिंटेज हा शब्द खरं म्हणजे फारच जुन्या गाड्यांचा, पण आमच्याकडे आजोबांच्या आठवणीतली कुठलीही गाडी व्हिंटेज असते. मी वाद घालत नाही. तेल सगळ्याच खातात.

नवख्यांसाठी थोडं सांगते. इंजिनात सिलिंडर असतो, त्यात पिस्टन खालीवर पळतो, आणि पिस्टनला बांगड्यांसारख्या रिंगा असतात. खालचं तेल वर जाऊ द्यायचं नाही आणि वरचा दाब खाली येऊ द्यायचा नाही, हे रिंगांचं काम. वर्षानुवर्षं घासून सिलिंडर रुंद होतो, रिंगा सैल होतात, मग तेल वर चढतं, जळतं आणि निळा धूर होऊन मागून निघतं. किती झिजलंय हे कळायला पहिल्यांदा दाब मोजायचा. दाब कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडायचं आणि पुन्हा मोजायचा. तेलामुळे फट बुजून दाब वाढला, तर रिंगा गेल्या. नाही वाढला, तर दोष व्हॉल्व्हचा. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळं कान, नाक आणि संशय.

संशय मात्र पाहिजेच. निगडीचे एक वकील दरवर्षी गाडी आणायचे. तेल खरंच थेंबभर खायची नाही, कारण ते ती चालवायचेच नाहीत. रॅलीला न्यायची तीसुद्धा ट्रकवर चढवून, आणि शेवटच्या वळणावर उतरवून टाळ्या घ्यायच्या. एकदा त्यांच्या परवानगीनं इंजिन उघडलं, तर आत गंजाची रांगोळी. म्हणाले, "तुम्ही उघडलं म्हणून गंजलं." वर नोटीस पाठवायची धमकी. त्या दिवसापासून मी एक शिरस्ता पाडला. ज्या कामानंतर मागे येता येत नाही, त्या कामाचा पहिला नट मालकानं स्वतःच्या हातानं सोडायचा. मी बाजूला उभी राहून बघणार. वकील असो नाहीतर पैलवान, पाना हातात दिला की माणूस क्षणभर गप्प होतो. त्या क्षणात पुढची पुष्कळ भांडणं वाचतात.

हा शिरस्ता लक्षात ठेवा, कारण मला जे सांगायचंय ते त्याच्यावरच येऊन अडलं.

गेल्या उन्हाळ्यात दिलीपराव नावाचे गृहस्थ वर्कशॉपवर आले. कुरुळीचेच. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात जाड साखळी, बाहेर पांढरी भलीमोठी गाडी. चाकण रस्त्यावर त्यांचं लॉन्स आहे, म्हणजे लग्नाचं मैदान. त्यांच्याबरोबर त्यांचे वडील होते, सगळे त्यांना नाना म्हणतात. ऐंशीच्या पुढचे, धोतर, टोपी, पाठ सरळ. नाना जी गाडी स्वतः चालवत घेऊन आले ती विलायती बनावटीची, बसक्या छपराची, पुढचे मडगार्ड खांद्यासारखे फुगीर. नाना तिला हरणी म्हणतात.

दिलीपरावांनी आल्या आल्या मुद्दा मांडला. "मॅडम, सरळ बोलतो. लॉन्सच्या गेटवर सेल्फी पॉइंट करायचाय. गाडीत नवरानवरी बसणार, फोटो काढणार. हिचं इंजिन पार गेलेलं आहे, नुसती धूर सोडते. ते काढून टाकायचं, त्या जागी लायटिंगची बॅटरी आणि धुराचं मशीन बसवायचं."

मी विचारलं, "धूर सोडते म्हणून इंजिन काढायचं आणि त्या जागी धुराचं मशीन?"

"तो पांढरा धूर असतो मॅडम. सुगंधी."

नाना इतका वेळ गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "इंजिन काढलं का ती मेली. मेल्याली वस्तू दारात हुबी करून त्येच्यात नवरीला बसवनार हाय ह्यो."

"नाना, आता इथं नको ना."

"मंग कुठं? तू घरी असतोस व्हय?"

बापलेकांचं बरंच आधी ठरलेलं होतं. तपासणी करायची, आणि बाई सांगतील ते दोघांनी मानायचं. गाडी झिजली असेल, तेल खात असेल, तर ती लॉन्सवर जाणार. नसेल, तर इंजिनासकट गोठ्यात राहणार, आणि दिलीपरावांनी पुन्हा तो विषय काढायचा नाही. दिलीपराव मला म्हणाले, "तुम्ही कुणाचं ऐकत नाही असं ऐकलंय, म्हणून तुमच्याकडे आलो." ही तारीफ होती की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

नानांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. नाव विचारलं, आडनाव विचारलं. दापोडी म्हटल्यावर "मूळचं गाव?" हेही विचारलं. हा प्रश्न मला नवीन नाही, त्याच्यामागे काय विचारायचं असतं तेही नवीन नाही. मी म्हटलं, "नाना, माझं मूळ तपासायचं का गाडीचं?" म्हातारा खो खो हसला. म्हणाला, "ऱ्हायलं. गाडीचंच बगा." तिथून आमचं जमलं.

तपासणीच्या दोन फेऱ्या असतात. पहिली, गाडी जशी आली तशी. दुसरी, आतलं जुनं तेल काढून, इंजिन धुऊन, ठरलेल्या प्रतीचं नवं तेल भरून. खरा निकाल दुसऱ्या फेरीचा, कारण पहिल्या फेरीत मालकानं आत काय काय भरून आणलंय ते देवाला ठाऊक. दाट तेल भरून आवाज दाबणारे पुष्कळ असतात. हे मी दोघांना आधीच सांगितलं. दिलीपरावांनी "ओके, डन" म्हटलं. नानांनी नुसतीच मान हलवली.

पहिल्या दिवशी गार इंजिन चालू केलं आणि मला वाटलं, निकाल लागला. आत टकटक टकटक. पिस्टन सैल झाला की गार असताना सिलिंडरच्या भिंतीला थपडा मारतो, तो हा आवाज. प्लगच्या भोकातून दोरीसारखा बारका कॅमेरा आत सोडून पाहिलं, तर भिंत झिजून वरच्या अंगाला चांगली पायरी पडलेली. दिलीपराव माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. "गेली ना?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, पण मी म्हटलं, थांबा.

मग दाब मोजला. चारही सिलिंडर तगडे. एखाद्या तरुण इंजिनाला लाज वाटावी असा दाब. मला वाटलं, आपलं मीटर बिघडलं. ते सलीमभाईंच्या नव्या गाडीला लावून पाहिलं, मीटर शहाण्यासारखं वागलं. पुन्हा हरणीला लावलं, पुन्हा तोच आकडा. चमचाभर तेल सोडून पाहिलं, काहीच फरक नाही. म्हणजे बुजवायला फटच नाही. भिंत म्हणते मी संपले, आणि दाब म्हणतो मी जवान आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं इंजिन मी पाहिलं नव्हतं. मला राग आला. इंजिनाला माणसासारखं दोन तोंडांनी बोलायची परवानगी नाही.

दुसऱ्या दिवशी तेलाची परीक्षा. इंजिन गरम करून तेल खाली काढायचं, काट्यावर वजन करायचं, तेच तेल पुन्हा भरायचं, गाडी लांब फिरवून आणायची, आणि पुन्हा काढून वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं गाडीनं खाल्लं. तळाचा, तेल सोडायचा नट मी स्वतः घट्ट आवळला. नाना गाडी चालवायला, मी शेजारी, आणि मागून दिलीपराव आपल्या पांढऱ्या गाडीत, जणू आम्ही पळून जाणार होतो.

राजगुरुनगरच्या पलीकडे जाऊन परत फिरलो. नाना गाडी चालवताना तिच्याशी बोलतात. चढ आला की "चल माझी बाय", उतार आला की "आता दमानं." गिअर टाकताना जिभेनं टक्क असा आवाज काढतात, बैलाला हाकताना काढतात तसा. मी म्हटलं, "नाना, हिला ऐकू येतं का?" तर म्हणाले, "दिलीपला बी येत न्हाई, तरी मी बोलतोच की."

त्यांनीच मग गाडीची गोष्ट सांगितली. कंपन्यांसाठी जमिनी गेल्या, तेव्हा कसायलाच काही उरलं नाही. बैल विकावे लागले. शेवटचा हरण्या नावाचा बैल चाकणच्या बाजारात दिला, आणि घरी आल्यावर रिकामा गोठा बघवेना. त्याच सुमाराला एका कंपनीचे साहेब बदलून चालले होते, त्यांची जुनी गाडी विकायची होती. "बाकीच्यांनी जीपा घेतल्या, बुलेटी घेतल्या," नाना म्हणाले. "मी म्हनलं, गोठ्यात काय तरी जित्तं पायजे. ही चालू केली का आंग थरथरवती. बैल बी तसाच थरथरवतो, माशी बसली का. म्हनून घेतली."

परतीला चाकणच्या चौकात अडकलो. तिथे अडकत नाही तो माणूस त्या भागातला नव्हेच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, ऊन डोक्यावर. हरणी जागच्या जागी धडधडत होती, आणि तिच्या बॉनेटच्या फटीतून हळूहळू एक वास यायला लागला. जळक्या तेलाचा नव्हे. गोडसर, जड, नाकात चिकटून बसणारा. माझ्या डोक्याला काही कळायच्या आत पोटात ढवळून आलं. एकदम दापोडीचं घर आठवलं. रविवारची सकाळ, आम्ही भावंडं रांगेत, आणि आई एकेकाचं नाक दाबून चहातून एरंडेल पाजतेय. त्यानंतर दिवसभर संडासाच्या रांगेत. पोटाची स्मरणशक्ती दांडगी असते हो.

"नाना," मी म्हटलं, "गाडीच्या इंजिनात एरंडेल घातलंय?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं, मुलांना जेवायला घालता का.

"मंग? कोरडी ठिवू व्हय?"

त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सरळपणानं. पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेल लागायचं, कारण गरम आसावर दुसरं कुठलं तेल टिकत नाही. इंजिन म्हणजे तरी काय, आत फिरणारा आसच. मग दर अमावास्येला नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बांधायची, आणि पळीनं एरंडेल इंजिनात. आणि भाद्रपदात, आमच्या भागात पोळा श्रावणात नाही तेव्हा असतो, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. शहरात हे कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला असतो. तो त्या संध्याकाळी हळद-तेलानं मळतात, शेकतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्याला आमंत्रण देतात. बैल गेले, पण नानांच्या घरची खांदेमळणी थांबली नाही. हरणीच्या दोन्ही मडगार्डांना हळद-तेल, आणि पोटात चांगलं सढळ हातानं एरंडेल. गाडी आली त्या वर्षापासून, एकही पोळा न चुकता.

मी त्या चौकात इतकी हसले, की शेजारच्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून विचारलं, "मावशी, काय झालं?" माझं दोन तोंडांचं इंजिन एका क्षणात उलगडलं होतं. एरंडेल तापून तापून चिकटा धरतं. त्या चिकट्याचे थरावर थर बसून झिजलेल्या रिंगांच्या मागची सगळी फट भरून निघाली होती. सिलिंडर खरोखरच संपला होता, आणि नानांच्या खांदेमळणीनं त्याला आतून लिंपून उभा ठेवला होता. हे वाचून कुणी आपल्या गाडीत एरंडेल ओतायला जाऊ नका. शंभर गाड्यांत नव्याण्णव गाड्यांच्या रिंगा चिकटून बसतील आणि तुम्ही मला शिव्या घालाल. हरणीच्या बाबतीत जमलं, ते कसं जमलं ते हरणीलाच माहीत.

हसून झालं, आणि मग मला दुसरी फेरी आठवली. दुसऱ्या फेरीत इंजिन धुवायचं असतं. माझं हसू जागच्या जागी थांबलं. नाना खुशीत होते. "काय वो, पास व्हईल न्हवं?" त्यांनी विचारलं. "आधी काट्यावर तेल चढू दे," मी म्हटलं.

वर्कशॉपवर येऊन तेल काढलं, वजन केलं. घट जवळपास नाहीच. मी तेल परत भरलं, नट आवळला, हात पुसले आणि दोघांना समोर बसवून काय आहे ते सांगितलं. भिंत झिजलेली आहे. एरंडेलाच्या थरानं ती झाकलेली आहे. पहिल्या फेरीत गाडी पास आहे. दुसऱ्या फेरीसाठी धुतली, तर थर निघून जाईल, दाब पडेल, आणि गाडी नापास होईल. ते मी आत्ताच लिहून देऊ शकते, तपासायचीही गरज नाही. आणि एकदा थर गेला, की पुन्हा तसा बसणं कठीण.

दिलीपराव उभे राहिले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. अहो, हे म्हणजे पेशंटला सलाइन लावून परेडला उभं केल्यासारखं झालं! दुसरी फेरी ठरलेली आहे ना? मग धुवा."

मी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हातारा बोलेल, भांडेल, निदान शिवी तरी देईल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण नाना म्हणाले, "ठरल्यालं हाय. शबुद दिल्याला हाय मी. धुवा बाई." आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मला फार वाईट वाटलं. इंजिनं मी ढिगानं मोडीत काढलीत, पण कुणी आपलं जनावर असं शांतपणे पुढे केलेलं पाहिलं नव्हतं. आणि नियम माझा, शब्द त्यांचा, दोन्हीकडून मी बांधलेली. मग मला माझा शिरस्ता आठवला.

"धुते," मी म्हटलं. "पण खालचा नट मालकानं सोडायचा. माझी पद्धत आहे. नाना वाकू शकणार नाहीत, तेव्हा दिलीपराव, तुम्ही."

"आणा पाना," दिलीपराव म्हणाले. लॉन्सच्या आधी, तरुणपणी, ते एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होते, त्यामुळे पाना धरायची लाज नव्हती. बाह्या वर केल्या, साखळी शर्टाच्या आत टाकली आणि गाडीखाली शिरायला गुडघ्यावर बसले.

"थांब," नाना म्हणाले.

ते उठले. हरणीची डिकी उघडली, आतून घडी घातलेलं एक जुनं गोणपाट काढलं, आणि हळूहळू वाकत गाडीखाली अंथरलं. कोपरे हातानं सारखे केले. "कापडं खराब हुतील तुजी," ते म्हणाले. "आता नीज."

दिलीपराव त्या गोणपाटावर आडवे झाले आणि आत सरकले. बाहेर नुसते त्यांचे महागडे बूट दिसत होते. मी पाना आत दिला. पाना नटावर बसल्याचा खट्ट आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. सलीमभाईंनी कंप्रेसर बंद केला. नाना बॉनेटवर हात ठेवून उभे, हरणी चाकणच्या उन्हातून आलेली, अजून गरमच होती. मी आपली भांडं धरून बसले होते तेल झेलायला.

आतून दिलीपरावांचा आवाज आला, "नाना, खांदेमळणीला हळदीची वाटी मी धरायचो ना? हरण्याच्या वेळेला?"

"तूच धरायचास," नाना म्हणाले. "निम्मी सोताच्या सदऱ्याला पुसायचास."

 मग बूट हलले आणि दिलीपराव बाहेर आले. पांढरा शर्ट पाठीवर स्वच्छ, तोंडावर मात्र घाम. पाना माझ्या हातात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नट जाम आहे मॅडम. हलतच नाही."

तो नट अर्ध्या तासापूर्वी मी या हातांनी आवळला होता. माझ्या हातांनी आवळलेला नट त्या धिप्पाड माणसाला हलत नाही, हे ऐकून सलीमभाई खोकला आल्यासारखं करून बाहेर गेले.

नोकरीत माझी ख्याती होती, की मालक काय म्हणतो ते गायकवाडबाई कधी लिहीत नाहीत, मोजलं तेवढंच लिहितात. त्या दिवशी रिपोर्टात मी लिहिलं: पहिली फेरी समाधानकारक. मालकाच्या म्हणण्यानुसार नट जाम असल्यामुळे दुसरी फेरी घेता आली नाही. यात एक अक्षर खोटं नाही. मालकानं तसं म्हटलंच होतं. इतकी वर्षं मालकांचं खोटं पकडण्यात गेली, आणि पहिल्यांदाच एका मालकाचं खोटं मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. नानांनी रिपोर्टची घडी केली आणि बंडीच्या खिशात टाकली. वाचला नाही. हरणी टक्क करून गिअरमध्ये पडली आणि घरी गेली.

पुढे कधीतरी चाकण रस्त्यानं जाताना लॉन्सचं गेट दिसलं. तिथे आता फायबरची बैलजोडी उभी केलीय, शिंगं सोनेरी, फायबरचीच गाडी, आणि मागे धुराचं मशीन. नवरानवरी कासरा धरून फोटो काढतात. बैल मैदानात आणि मोटार गोठ्यात, अशी आमच्या भागाची प्रगती झालेली आहे. मी रिक्षावाल्याला थांबायला लावलं आणि पोटभर बघून घेतलं.

यंदा पावसाळ्यात कळलं, नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. भाद्रपद संपत आला असताना दिलीपरावांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, उद्या पोळा आहे. आज खांदेमळणी. एरंडेल किती घालायचं असतं?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मला माहीत नाही. आयुष्यभर ग्रॅमात तेल मोजलेली बाई मी, आणि हरणी कशावर चालते ते मी मोजलंच नव्हतं. नानांनी पळीनं घातलं, सढळ हातानं घातलं, एवढंच माझ्याकडे होतं. कमी पडलं तर थर सुटायचा, जास्त झालं तर रिंगा चिकटायच्या. "थांबा, येते," म्हटलं, माझा वजनाचा काटा पिशवीत घातला आणि कुरुळीची बस पकडली.

गोठ्याच्या दारात नाना खुर्चीवर बसवलेले होते, टोपी घातलेली, मान एका बाजूला कललेली. आत दिलीपराव बनियनवर, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. हरणीच्या मडगार्डांना हळद लावून झाली होती, थोडी त्यांच्या बनियनलाही पुसलेली दिसत होती. झाकण उघडून, पळी हातात धरून माझी वाट बघत होते. "सांगा मॅडम," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मला काय विचारता? ते बसलेत ना."

दिलीपराव वळले. एक पळी ओतली आणि बापाकडे पाहिलं. नानांचा डावा हात खुर्चीच्या हातावर होता. त्यातलं एक बोट जरासं वर झालं. अजून. दिलीपरावांनी आणखी ओतलं. बोट पुन्हा वर. अजून. पुन्हा ओतलं. या वेळी बोट वर आलं, थांबलं, आणि सावकाश खाली टेकलं. दिलीपरावांनी झाकण लावलं, किल्ली फिरवली, आणि हरणीनं अंग थरथरवलं. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडाची जी बाजू चालत होती ती हसत होती.

"किती झालं मॅडम?" दिलीपरावांनी विचारलं. "तुम्ही मोजलं ना? पुढच्या पोळ्याला लागेल."

काटा माझ्या पिशवीतच राहिला होता. मी म्हटलं, "नाही मोजलं. पुढच्या पोळ्यालाही त्यांनाच विचारा."